सदाशिव पेठेतली खानावळ, सहा वर्षांनी

नाव लिहीत नाही. मालकाशी वीस वर्षांचा घरोबा आहे आणि खाली दोन-चार तक्रारी आहेत. पेठेत जेवणाऱ्यांना जागा कळेलच.

मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. बायको नोकरीनिमित्त नाशिकला, त्यामुळे दुपारचं जेवण कायम इथेच. तीस कुपनांचं पुस्तक घ्यायचं, रोज एक फाडून गल्ल्यावर द्यायचं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझ्या पुस्तकात एकोणीस कुपनं शिल्लक होती. पुढचे सहा महिने मुगाची खिचडी आणि शेजारच्या काकूंची कृपा. ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं हॉटेलं उघडायची परवानगी मिळाली, त्याच आठवड्यात ते पुस्तक घेऊन गेलो. मालकानं एकोणीसच्या एकोणीस कुपनं जुन्या भावात चालवली. स्वतःचं भाडं थकलेलं असताना! म्हणूनही नाव लिहीत नाही.

त्या दिवशीचं जेवण मात्र विसरता येत नाही. दारात कपाळाला बंदूक लावून ताप बघितला, वहीत नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. वाढपी मामांच्या तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. ‘अजून एक घ्या हो’ असं ते म्हणाले असावेत, मला नुसती गुणगुण ऐकू आली. हातभर लांबून चिमट्यानं पोळी सोडली, ती अर्धी ताटात आणि अर्धी टेबलावर. आम्ही दोघंही ओशाळलो.

मग २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा फक्त पार्सल. जुलैत तर दुपारी चारनंतर बसून जेवायला बंदी, म्हणजे रात्रीची पंगत संपलीच. त्या काळात पार्सलनं ही खानावळ जगवली, हे मान्य. पण पार्सल आलं ते गेलंच नाही. अंतर ठेवायचं म्हणून भिंतीकडची चार टेबलं उचलली होती, तिथे आता डबे भरायचा कट्टा आहे.

त्याचा परिणाम चवीवर झालाय, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. इथली आमटी पातळ असायची. चिंच-गुळाची, भातातून ताटाच्या कडेपर्यंत धावणारी. प्लास्टिकच्या डब्यातून ती गळते, म्हणून आता दाट करतात. अळूच्या भाजीलाही तेच, चमचा उभा राहतो. पोळी पूर्वी तव्यावरून एकेक यायची, आता चळत करून फॉइलमध्ये झाकून ठेवतात. वरच्या दोन बऱ्या लागतात, खालच्या घामेजतात. कोशिंबिरीला मात्र धक्का लागलेला नाही. काकडी हातानं चोचवलेली, दाण्याचं कूट ताजं. लोणच्याची बरणी टेबलावरून गेली, पुडी आली. पाण्याचा जग मागितला तर मिळतो, पण आधी बाटली आणून ठेवतात. वीस रुपये.

अनोळखी माणसासमोर बसून जेवणंही संपल्यात जमा आहे. पूर्वी गर्दीत मालक खुर्ची दाखवायचा, आपण बसायचो. समोर कधी एमपीएससीचा मुलगा, कधी कोर्टाच्या कामाला आलेला जुन्नरचा शेतकरी. त्यातल्या एकाकडून मी हापूस घ्यायला लागलो, अजून घेतो. आता चार जणांच्या टेबलावर एकटा माणूस मोबाइल टेकवून बसतो आणि दुसरा आत येऊन, बघून, पार्सल घेऊन जातो. एमपीएससीची मुलं तर खोलीवरच मागवतात. त्यांना दोष कसा देऊ? दोन वर्षं आपणच त्यांना सांगत होतो, घरात बसा.

वाढपी मामा २०२१ मध्ये गावी गेले ते परतले नाहीत. तिकडे त्यांनी वडापावची गाडी टाकल्याचं कळलं. नवी पोरं चटपटीत आहेत, पण ताट एकदम भरून आणतात आणि पळतात. थाळी अजूनही ‘अनलिमिटेड’च आहे, फक्त दुसऱ्यांदा भाजी हवी तर हात वर करून बसावं लागतं. मी दोनदा केला, तिसऱ्यांदा लाज वाटली.

तरी जातो, आणि तुम्हीही जा. पण सव्वाबाराच्या आत. साडेबाराला अ‍ॅपवाली मुलं हेल्मेट घालूनच दारात उभी राहतात आणि मग स्वयंपाकघराचं तुमच्याकडे लक्ष नसतं. मुदपाकाशेजारच्या टेबलावर बसा, आतल्या मावशी दिसतील अशा बेतानं. ‘मावशी, तव्यावरची’ एवढं म्हणायचं. परवा म्हणालो तर त्यांनी चळतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नवा गोळा लाटायला घेतला.