मॅकबेथ की फॉस्टस : अभिवाचनाला कुठलं घ्यावं?

महत्त्वाकांक्षेपायी माणूस आतून कसा ढासळतो, या विषयावर अभिवाचन करायचं ठरलं की यादी बहुधा दोन नावांवर येऊन थांबते : शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आणि त्याचा समकालीन मार्लो याचं 'डॉक्टर फॉस्टस'. आमच्या गटाने दोन्ही केली. आधी मॅकबेथ, वर्षभराने फॉस्टस. कथानकं थोडक्यात : मॅकबेथ हा सेनापती राजाला मारून गादी बळकावतो, तर फॉस्टस हा विद्वान काही वर्षांच्या सामर्थ्याच्या बदल्यात सैतानाला आत्मा विकतो.

बांधणीत मॅकबेथ सरस, हे आधीच मान्य करतो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये ते सगळ्यांत आटोपशीर. राजा डंकनच्या खुनापासून सरदार मॅकडफच्या बायकोमुलांच्या हत्येपर्यंत ऐकणाऱ्याला उसंत मिळत नाही. खून करून आलेला मॅकबेथ सांगतो की 'आमेन' हा शब्द घशातच अडकला, तिथे आमच्याकडे दरवेळी सगळे स्तब्ध झाले. शिवाय शिरवाडकरांनी केलेलं मॅकबेथचं मराठी रूपांतर 'राजमुकुट' हाताशी आहे, त्यामुळे मराठी संवादांची वाट आधीच मळलेली. फॉस्टसचं भाषांतर वाचनापुरतं आम्हीच बसून केलं, त्यात तीन महिने गेले.

मला खटकलं ते वाचनानंतर. आम्ही शेवटी तासभर चर्चा ठेवतो. मॅकबेथची चार वाचनं झाली आणि चारही वेळा चर्चा पाच मिनिटांत लेडी मॅकबेथवर गेली. बायकोने भरीला घातलं नसतं तर? त्यातून सुटलो की त्याला राजा होशील असं भविष्य सांगणाऱ्या चेटकिणी. ज्याच्या हातून हे सगळं घडलं तो मॅकबेथ बाजूलाच राहायचा. संहिता असं म्हणत नाही. घरी पोचण्याआधीच, पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, तो ताऱ्यांना विनवतो की तुमचा उजेड झाका, माझ्या मनातल्या काळ्या इच्छा दिसू देऊ नका. आपला सोबती बँको याला मारायचा बेत तर तो बायकोपासून लपवूनच ठेवतो. मी या ओळी वाचून दाखवायचो, लोक माना डोलवायचे आणि पुन्हा तिच्यावरच यायचे. दोष आमच्या वाचनाचाही असेल. लेडी मॅकबेथ वाचणारी आमची मैत्रीण फार ताकदीची होती. पण मला ते खुपत राहिलं. एका माणसाने स्वतःला कसं गमावलं हे बोलायला आम्ही जमलो होतो, आणि दरवेळी त्याची सुटका करून घरी जात होतो.

फॉस्टसला अशी पळवाट मिळत नाही. सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस नरकातून आलेला, पण पहिल्याच भेटीत तोच कळवळून सांगतो की असलं काही मागू नकोस, मी उभा आहे हाच नरक आहे. सही करताना फॉस्टसचं रक्त गोठतं, दंडावर 'माणसा, पळ' अशी अक्षरं उमटतात. तरी तो करारपत्र त्याच्या हवाली करतो. त्याहून मला हलवून गेली ती सुरुवात. जर्मनीतल्या विटेनबर्गचा हा धर्मशास्त्राचा पंडित बायबल उघडतो, 'पापाचे वेतन मरण' एवढं वाचतो आणि ग्रंथ बाजूला सारतो. त्याच वाक्यात पुढे देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन आहे, असं लिहिलंय. ते तो वाचतच नाही. पुस्तकांवर जीव असणाऱ्या आमच्यासारख्यांना हे अर्धं वाक्य फार लागलं.

मधला भाग सैल आहे, हे लपवत नाही. विदूषकी प्रवेश आम्ही बहुतेक गाळले. द्राक्षांचा प्रवेश मात्र हट्टाने ठेवला. जर्मनीभोवती पितळेचा तट बांधीन, ऱ्हाईन नदी विटेनबर्गभोवती वळवीन म्हणणारा माणूस २४ वर्षांच्या कराराच्या बदल्यात काय करतो, तर ऐन जानेवारीत एका डचेसचे डोहाळे पुरवायला द्राक्षं आणून देतो आणि तिची शाबासकी घेतो. रक्ताचा थेंब न सांडता झालेलं ते पतन मला मॅकबेथच्या खुनांपेक्षा जवळचं वाटलं.

फॉस्टस घेणारच असाल तर १६०४चा पाठ, म्हणजे त्या साली छापलेली संहिता, घ्या. १६१६च्या पाठात मेफिस्टोफिलिस अखेरीस कबुली देतो की तू धर्मग्रंथ वाचत होतास तेव्हा पानं मीच उलटली, तुझी नजर मीच वळवली. तेवढ्या कबुलीने दोष पुन्हा दुसऱ्याच्या माथी जातो. मार्लो १५९३मध्येच गेला, दोन्ही पाठ त्यानंतर छापले गेले. त्याच्या मनातला कुठला, यावर जाणकारांत वाद आहे. मी निवडला तो चर्चेचा विचार करून.

तालमी तीन-चारच मिळणार असतील, किंवा श्रोते नाटक पहिल्यांदाच ऐकणारे असतील, तर खुशाल मॅकबेथ करा, पस्तावणार नाही. वेळ हाताशी असेल तर मात्र फॉस्टसचा विचार व्हावा. अकराच्या ठोक्यांपासून बाराच्या ठोक्यांपर्यंतचा त्याचा शेवटचा तास जेमतेम साठ ओळींचा आहे. पहिल्या वाचनाला त्या ओळी संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका आजींनी, फॉस्टसला पश्चात्ताप कर म्हणून विनवणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं, "तो म्हातारा समजवायला आला होता ना, तेव्हाही वेळ गेली नव्हती?" त्या दिवशीचा सगळा तास आम्ही त्या एका प्रश्नावर बोललो.