सोलर बसवलं: स्लॅबचं काम मस्त, टिनाचं गळकं

आमचं घर स्लॅबचं, बाजूचं मोठ्या बाबाचं टिनाचं. दोन्हीकडं मार्चमध्ये एकाच एजन्सीकडून 3-3 किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं, पोट्टेही तेच. 5 पैकी 3 स्टार देऊन राहिलो आणि ते तिन्ही स्लॅबच्या कामाचे आहेत.

स्लॅबवर आमची अट एकच, स्ट्रक्चर उंच पाहिजे, कारण उन्हाळ्यात खाटा तिथंच पडतात, कुरडया-पापडही तिथंच वाळतात, ती जागा गेली तर आईनं मलाच घराबाहेर काढलं असतं. त्यांनी 8 फूट उंच केलं, तोंड दक्षिणेला, उतार 20 डिग्रीच्या आसपास. उंच केलं की वारा जास्त लागतो म्हणून पायांमध्ये तिरपे अँगल मारले, पाय सिमेंटच्या ठोकळ्यात, आणि ठोकळे नुसते ठेवून न देता त्यांच्या सळया केमिकल भरून स्लॅबमध्ये पक्क्या केल्या. पाईप गॅल्वनाइजचे, साइटवर वेल्डिंग नाही, सगळं नटबोल्टवर. वेल्डिंग मारली की तिथलं जस्त जळते आणि गंज तिथूनच धरतो, हे त्यांच्याच मिस्त्रीनं सांगितलं. मे मध्ये वावधन आलं, मागच्या गोठ्याची टिनं उडून वावरात गेली, आमचं हाललं नाही.

आता टिनाचं. तेच पोट्टे इथं असे काऊन वागले समजत नाही बाप्पा. टिनाखालचे पाईप कुठून गेले हे आत जाऊन पाहिलंच नाही, वरूनच अंदाजानं स्क्रू मारत गेले, त्यातले अर्धे नुसत्या पत्र्यात. पत्रा तो केवढा, अर्धा मिलिमीटर, त्यात स्क्रू काय धरणार! मोठे बाबा म्हणत होते वजन झेपेल का, एक पॅनल 27-28 किलोचं. पण वजनाचं एवढं नाही, साडेसात फुटाच्या पॅनलखाली वारा घुसला की ते सुपासारखं उचलते आणि तेव्हा सगळा जोर त्या स्क्रूवर येतो. वरून हे स्क्रू मारले कुठं, तर टिनाच्या नाळीत, जिथून पाणी वाहते नेमकं तिथं! उंचवट्यावर मारा, खाली रबर द्या, साधी गोष्ट आहे. जूनच्या पहिल्याच पावसात तुरीचे 2 कट्टे भिजले. फोन केल्यावर 9 दिवसांनी आले, सिलिकॉन फासून गेले, पुन्हा गळलं. इथलं ऊनच असं की दिवसभर टिन तापून फुगते, रात्री आकसते, नुसतं फासलेलं काय टिकणार.

एक गोष्ट एजन्सीवाले सांगत नाहीत, जास्त ऊन म्हणजे जास्त वीज असं नसते. पॅनल 25 डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला 0.35 टक्क्याच्या आसपास घटते, मे मध्ये पॅनल 65-70 ला जाते, हिशोब करा. स्लॅबवर खालून हवा खेळते, टिनावर 4 बोटांची फट, म्हणून दुपारी मोठ्या बाबाचं युनिट आमच्यापेक्षा कमी. बाकी पॅनलच्या सावलीनं त्यांची खोली थोडी थंड झाली हे खरं.

सबसिडीचे 78,000 दोघांचेही आले, कागदपत्रात त्रास नाही.

शेवटी भांडून पॅनल ज्यावर बसतात ते रेल पुन्हा काढायला लावले, आतून पाईप पाहून खुणा केल्या, उंचवट्यावर मारले, जुनी भोकं ब्युटाइल टेपनं, म्हणजे रबरासारख्या चिकट पट्टीनं बंद. ऑगस्टच्या झडीत थेंब आला नाही, तरी मोठी आई त्या कोपऱ्यात अजून कट्टे ठेवू देत नाही.