कन्सल्टिंगच्या नव्या नोकरीत मन रमत नाही: आत्ताच सोडावी की दुसऱ्या प्रोजेक्टपर्यंत थांबावं?

‘वर्षभर तरी काढ, मग बघू,’ हा सल्ला सगळेच देतात. माझ्या मते कन्सल्टिंगला तो नीट लागू पडत नाही, कारण इथली नोकरी प्रोजेक्टांत मोजावी लागते. प्रोजेक्ट बदलला की वरिष्ठ, क्लायंट, कामाचे तास, कधीकधी शहरही बदलतं. म्हणून तुलना करायची ती या दोन पर्यायांची: आत्ताच राजीनामा देणं, किंवा दुसरा प्रोजेक्ट पाहून ठरवणं.

आधी निराशा कशाची ते बघा

मुलाखतीत व्यवसायाच्या धोरणाबद्दल बोलणं झालेलं असतं. प्रत्यक्षात वाट्याला येतं ते एक्सेलमधला डेटा साफ करणं आणि रात्री उशिरा परत आलेल्या स्लाइड्स पुन्हा दुरुस्त करणं. हे एका प्रोजेक्टचं दुखणं असू शकतं. मॅनेजर तिरसट असेल, क्लायंट माहितीच देत नसेल किंवा विषय कंटाळवाणा असेल, तर हे सगळं प्रोजेक्टबरोबर संपतं, आणि अशा वेळी थांबणं बहुधा फायद्याचं ठरतं.

काही गोष्टी मात्र प्रोजेक्ट बदलला तरी तशाच राहतात. तुम्हाला सल्लागार म्हणून घेतलं आणि प्रत्यक्षात क्लायंटकडे कमी पडलेल्या माणसाच्या जागी बसवलं, आणि फर्मची बरीचशी कमाई अशाच कामातून येत असेल, तर दुसरा प्रोजेक्टही त्याच जातीचा निघेल. क्लायंटसमोर सतत बोलणं, अर्धवट माहितीवर मत देणं, दर थोड्या महिन्यांनी नवा विषय पहिल्यापासून शिकणं, यानेच जीव थकत असेल, तर अडचण या व्यवसायाशीच आहे. मग फर्म बदलूनही फारसा उपयोग नाही.

यातलं तुमचं कोणतं, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे तुमच्यापेक्षा दोन वर्षं जुन्या तिघाचौघांना विचारणं: ‘गेल्या तीन प्रोजेक्टांवर तू रोज नक्की काय करत होतास?’ ‘इथे कसं वाटतं?’ असं विचारू नका, त्याला सगळे सभ्य उत्तर देतात.

रेझ्युमेचं काय?

याची भीती सर्वांत जास्त वाटते, आणि ती थोडी चुकीच्या जागी असते. दोन-तीन महिन्यांची नोकरी एका वाक्यात समजावता येते: ‘सांगितलेलं काम आणि मिळालेलं काम वेगळं निघालं.’ पुढचा मालक ते ऐकून घेतो, मात्र एकदाच. लागोपाठ दोनदा तसं झालं की प्रश्न तुमच्याबद्दल पडतो. खरं अवघड असतं ते सात-आठ महिन्यांवर, हातातला प्रोजेक्ट अर्धवट टाकून निघणं. तेव्हा काळ लपण्याइतका छोटा नसतो आणि दाखवायला पूर्ण झालेलं काहीच नसतं. म्हणजे निघायचंच असेल तर अगदी लवकर, नाहीतर एखादं काम तडीस नेऊन. आणि पूर्वीच्या सगळ्या नोकऱ्यांची माहिती मागणारा फॉर्म समोर आला, तर ही नोकरीही त्यात लिहायचीच.

लवकर निघण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो सहसा कुणी मांडत नाही. तुम्ही नाकारलेल्या ऑफर आणि जुन्या ऑफिसातली तुमची जागा या काळात अजून पूर्ण बंद झालेल्या नसतात. वर्षानंतर तिथे फोन करणं तितकं सोपं राहत नाही.

पैसे आणि करार

इथे पारडं बहुतेकदा थांबण्याकडे झुकतं. जॉइनिंग बोनस आणि स्थलांतराचा खर्च ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत करावा लागेल, अशी अट अनेक करारांत असते. ती रक्कम पूर्ण परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, कर कापण्याआधीची की हातात आलेली, हे शब्दशः वाचा. उलट प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड बऱ्याचदा कमी असतो, तेवढी सवलत लवकर निघणाऱ्याला मिळते. क्लायंटकडेच नोकरी धरायचा विचार असेल, तर त्यावर बंदी घालणारं कलम आहे का तेही पाहा.

संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं

स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने मोठ्या निर्णयावर अडकलेल्या लोकांना इंटरनेटवर नाणेफेक करायला लावली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, महत्त्वाच्या निर्णयांत बदल निवडलेले लोक सहा महिन्यांनी अधिक समाधानी आढळले. याच्या शेजारी 2005 सालचा बॉसवेल, बूड्रो आणि टिची यांचा वरिष्ठ व्यवस्थापकांवरचा अभ्यास ठेवा: नोकरी बदलल्यावर समाधान उसळी घेतं आणि नंतर खाली येतं. दोन्ही एकत्र वाचल्यावर मला वाटतं की निघायला घाबरू नये, पण आजच्या उदासीतला थोडा भाग नव्या नवलाईच्या ओसरण्याचा आहे हेही धरून चालावं. तो भाग पुढच्या नोकरीतही येईल.

थांबूच नये अशी वेळ

टाइमशीटवर न केलेले तास भरायला सांगितलं, क्लायंटला दाखवायचे आकडे वळवायला सांगितलं, अपमान रोजचा झाला, किंवा झोप आणि तब्येत ढासळायला लागली, तर वरची तुलना बाजूला ठेवा. तिथे बोनस परत देऊन निघणंही स्वस्त पडतं.

बाकी बहुतेकांना मी दुसरा प्रोजेक्ट पाहा म्हणेन, पण तो आपोआप मिळण्याची वाट पाहत नव्हे. स्टाफिंग (कोणाला कोणत्या प्रोजेक्टवर टाकायचं ते) बघणाऱ्या व्यक्तीला हवा असलेला विषय नाव घेऊन सांगा आणि ज्यांच्या हाताखाली शिकायचंय त्या वरिष्ठांना स्वतः जाऊन भेटा. टीममध्ये कोण हवं हे अनेकदा तेच ठरवतात. मधल्या काळात बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसावं लागलं, तर बाहेरच्या मुलाखती तेव्हाच उरका. प्रोजेक्ट सुरू झाल्यावर त्यासाठी दुपार मोकळी मिळणं कठीण. नवा प्रोजेक्ट मिळाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांतच काम पुन्हा त्याच वळणाचं दिसलं, तर तेवढं काम नीट पूर्ण करा, लिखित सुपूर्दगी द्या आणि राजीनामा प्रोजेक्ट संपता संपता ठेवा, म्हणजे टीम अडचणीत येत नाही आणि पुढे संदर्भ द्यायला तुमचा मॅनेजर तयार असतो.