कुस्कोत मुक्काम ठोकून इंका मुलूख पाहणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पेरूच्या पॅकेज टूरमध्ये 'इंका संस्कृतीचा अनुभव' म्हणून जे विकतात, ते बहुधा माचू पिचू आणि वाटेतली दुकानं एवढंच असतं. मी लॅपटॉपवरचं काम घेऊन एप्रिलात कुस्कोला, म्हणजे इंकांच्या जुन्या राजधानीत, गेले आणि ऑगस्ट लागल्यावर निघाले. तिथल्या सान ब्लास वस्तीच्या चढावर एका कुटुंबाकडे खोली, दोन वेळचं जेवण, सकाळी स्पॅनिशचा वर्ग. आता विचाराल तर सांगेन, माचू पिचूला एक दिवस पुरतो, बाकी सगळे दिवस कुस्को आणि आसपासच्या गावांना द्या.

आधी उंचीचं बघा. कुस्को ३४०० मीटरवर आहे, पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागते. आईबाबा जूनमध्ये आले तेव्हा त्यांना विमानतळावरून थेट खाली ओयांतायताम्बो गावाला नेलं. ते साधारण २८०० मीटरवर आहे. तिथे राहून मग वर आणलं, दोघंही ठणठणीत राहिले.

'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट १३० सोलचं (सोल हे पेरूचं चलन), १० दिवस चालतं आणि त्यात १६ ठिकाणं येतात. पैसे वसूल. मात्र माचू पिचू, कोरिकांचा आणि मारासची मिठागरं त्यात नाहीत, हे एजंट आपणहून सांगत नाहीत. कोरिकांचा चुकवू नका. ते इंकांचं सूर्यमंदिर, त्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी ख्रिस्ती मठ उभारला. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम ढासळलं, खालच्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. तिपोन या इंका अवशेषांकडे फारसं कुणी जात नाही, पण तिथल्या दगडी पाटांतून अजून पाणी खळाळतं. मी तिथे दोनदा डबा घेऊन गेले.

आईबाबांसाठी घेतलेल्या 'एका दिवसात सेक्रेड व्हॅली' (कुस्कोजवळचं इंका अवशेषांचं खोरं) या सहलीवर मात्र मी नाराज आहे. मोरायच्या गोलाकार इंका पायऱ्यांपाशी फोटोपुरते थांबलो आणि चिंचेरो गावात विणकाम दाखवून लगेच दुकानात बसवलं. पुढे मी एकटीच कोलेक्तिव्होने, म्हणजे तिथल्या वडापने, चिंचेरोला गेले आणि एका विणकर बाईंच्या अंगणात दिवसभर बसले. 'साक्ता' नावाचं मूळ किसून पाण्यात टाकलं की रिठ्यासारखा फेस येतो, त्यात लोकर धुतात. निवडुंगावरचा कोचिनिल किडा बाईंनी तळहातावर चिरडला, हात लालभडक झाला. वर लिंबू पिळलं तर तोच रंग केशरी! कमरेला बांधलेल्या मागावर लामाच्या हाडाने धागे ठोकत त्या बोलत होत्या. नक्षी कुठेच काढून ठेवलेली नव्हती, सगळी डोक्यात.

सगळ्यात वसूल झाली ती केस्वाचाकाची वारी. आपुरिमाक नदीवर गवताचा सुमारे २८ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. आजूबाजूच्या चार वस्त्या तो दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. घराघरातून गवताच्या दोऱ्या येतात. बायका बारीक दोर वळतात, पुरुष ते पिळून मांडीएवढे जाड करतात आणि जुना पूल तोडून नदीत सोडून देतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या परंपरेची नोंद घेतली. कोरोनामुळे विणकाम चुकलं आणि २०२१ मध्ये पूल तुटून पडला, तोही यांनीच परत बांधला. कुस्कोहून रस्ता लांबचा, खाणंपिणं बरोबर घ्यावं.

२४ जूनचा इंती रायमी हा सूर्योत्सव बघण्यासारखा आहे, पण तो नाट्यप्रयोग आहे. १९४४ पासून गार्सिलासो या जुन्या इतिहासकाराच्या वर्णनावरून उभा केलेला, संवाद केचुआ या इंकांच्या भाषेत. शहरावरच्या साक्सायवामान गढीतल्या महागड्या खुर्च्या घेऊ नका, कोरिकांचा आणि मुख्य चौकातला भाग फुकट दिसतो. मला त्यापेक्षा कॉर्पस क्रिस्ती हा कॅथलिक सण आवडला. जिथे इंका काळी राजांच्या ममी मिरवत, त्याच चौकात आता वेगवेगळ्या चर्चमधल्या संतांच्या मूर्ती खांद्यावरून येतात. त्या दिवसाचा खास पदार्थ चिरी उचू, त्यात गिनीपिग, कोंबडी, माशाची गाबोळी सगळं एकाच ताटात आणि थंड.

शाकाहारींची थोडी अडचण होते. किन्वाचं सूप मिळतं, पण त्याचा रस्सा बऱ्याचदा कोंबडीचा असतो. 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येतेच, म्हणून तीही वेगळी नाकारा. बटाटे, चीजबरोबर मक्याचं कणीस आणि रोकोतो मिरचीची चटणी यांवर आईबाबांचं निभावलं.

शेवटचं म्हणजे, कोकाचा चहा तिथे हवा तेवढा प्या. पानं किंवा चहाच्या पुड्या मात्र बॅगेत टाकून भारतात आणू नका, आपल्याकडे त्या अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.