हँडी 11 महिने वापरल्यावर: सेट घ्या, पण चार्जरचं आधी बघा

मिरगाच्या वादळात एका संध्याकाळी लाइट तीनदा गेली-आली आणि माझ्या हँडीच्या, म्हणजे हातात धरायच्या हॅम (हौशी) रेडिओ सेटच्या, चार्जरचा अडॅप्टर जळाला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सेटला वर्षाची वॉरंटी आहे दादा, अडॅप्टरला नाही." पावती काढून बघितली, त्यावर असं कुठंच लिहिलेलं नाही. चार वेळा बोलणं झालं, पाचव्यांदा त्यानं फोनच उचलला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेट आपल्या हॅमवाल्यांतल्या निम्म्या लोकांकडे असतो तोच, 5 वॅटचा, दोन बँडचा (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारा) चिनी. हॅम रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा (सुरुवातीच्या पातळीचा) परवाना हातात आल्यावर गेल्या जुलैत 2,600 रुपयांना घेतला. लातूरच्या आमच्या हॅम क्लबात त्याला आराम असा नाहीच. रविवारची नेट (सगळ्यांनी ठरल्या वेळी रेडिओवर एकत्र येणं), शाळेतली प्रात्यक्षिकं, पोरांचं फॉक्स हंट, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ (त्यासाठीची यागी, म्हणजे दिशा दाखवणारा अँटेना, आम्ही मोजमापाच्या पोलादी टेपच्या पट्ट्या कापून करतो) आणि कोजागिरीला तुळजापूरची वाट.

पहिले दोन महिने माझं मत वाईट होतं. गंजगोलाईतून बोललो की दोन किलोमीटरवरच्या माणसाला आवाज तुटक जायचा. क्लबातल्या एका काकांनी सेट हातात घेतला आणि अँटेनाच्या बुडाशी 50 सेंटिमीटर वायर अडकवून खाली लोंबती सोडली. आम्ही बोलतो त्या 145 मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंग्थ (तरंगलांबीचा चौथा भाग) जवळपास तेवढीच होते, अँटेनाला तेवढी लांबी हवी असते, आणि सोबत आलेला रबरी अँटेना तर वीतभर. वायर घरातलीच, खर्च काही नाही. त्याच गल्लीतून त्याच माणसाला परत हाक दिली, आवाज स्वच्छ गेला. तेव्हा ते मत मी मागे घेतो.

चार्जरबद्दलचं मत मात्र दिवसेंदिवस पक्कं होत गेलं. सेट स्टँडमध्ये उभा करायचा, स्टँडला 10 व्होल्टचा अडॅप्टर, अडॅप्टरला भिंतीतला प्लग. मोबाइलची केबल चालत नाही, पॉवर बँक थेट लागत नाही. आपलं काम कुठं पडतं? जिथं लाइट नाही तिथं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीतलं पोर होतो. औशातल्या घरातून आईनं ओढत अंगणात आणलं. मामा किल्लारीजवळ राहायचे. दोन दिवस त्यांची काही खबर नव्हती आणि आई भिंतीला टेकून तशीच बसून होती. मामा वाचले, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. क्लबात आलो ते त्याचमुळं. क्लब दर 30 सप्टेंबरला मोबाइल बंद ठेवून फक्त रेडिओवर निरोप पोचवायचा सराव घेतो. मागच्या सरावात माझी बॅटरी अडीच तासांत बसली, कारण आदल्या रात्री आमच्या भागात लाइट नव्हती. मला फार लागलं ते.

मग कोजागिरी आली. देवीची श्रमनिद्रा संपते, त्या दर्शनाला लोक रात्रभर चालतात. गर्दी वाढली की मोबाइल लागत नाही, म्हणून औसा, उजनी आणि तुळजापूर अशी आमची रेडिओची ठाणी होती. हँडीवरून हँडीवर एवढं अंतर जात नाही. एका मित्राच्या गाडीतला 50 वॅटचा सेट मधल्या उंचवट्यावर उभा केला होता, तो ऐकून पुढं सांगायचा. उजनीला माझ्याजवळ एक आजी आल्या. हिरवं लुगडं, हातात पितळी तांब्या, पायाला चिंध्या बांधलेल्या. "लेकरा, माझा बाळू पुढं गेला का मागं राहिला?" गाव चाकूर तालुक्यातलं, एवढंच नीट सांगता आलं. वर्णन आणि गाव नेटवर टाकलं. त्याआधीच पहिली बॅटरी दीड वाजता संपली होती. दुसरी जादा घेतली होती म्हणून बोलता आलं. वीस मिनिटांत उत्तर आलं, बाळू औशाच्या ठाण्यावर रडत उभा आहे. आजींनी सेटच्या जाळीला हात लावून कपाळाला लावला. त्या रात्री माझ्याकडे एकच बॅटरी असती तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

अडॅप्टर जळाल्यावर आधी स्टँड उघडून बघितला. त्यातल्या दोन पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, खोडरबरानं घासल्या तशा चकाकल्या. मग 80 रुपयांचं बक कन्व्हर्टरचं (व्होल्टेज कमी करणारं) छोटं बोर्ड आणलं, मल्टिमीटर लावून त्यावरचा बारीक पितळी स्क्रू फिरवत 10 व्होल्ट धरले आणि मोटारसायकलच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडलं. हिरवा दिवा लागेपर्यंत शेजारी बसून होतो. आता लाइट असो नसो, सेट भरतो. जे काम 80 रुपयांत घरी झालं ते बनवणाऱ्याला का जमू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

सेट घ्या, या पैशात वाईट नाही. दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. आणि अडॅप्टरची वॉरंटी पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या अडॅप्टरचे पैसे अजून परत आलेले नाहीत. सोमवारी पावती घेऊन मी स्वतः दुकानात जाणार आहे.