टॉकबॅक काही महिने वापरल्यावर: वाचन झकास, टायपिंग डोकेदुखी

दृष्टी नसलेल्यांना स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं टॉकबॅक बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं, वेगळे पैसे पडत नाहीत. ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू केला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ते चालू-बंद होतं. हा शॉर्टकट घरातल्या डोळस माणसांनाही दाखवून ठेवा. टॉकबॅक चालू असताना एका टॅपने बटण फक्त वाचलं जातं, उघडायला डबल टॅप लागतो. हे माहीत नसलेला माणूस फोन हातात घेतो आणि 'हँग झालाय' म्हणून परत देतो.

वाचनाबद्दल फारशी तक्रार नाही. उजवीकडे स्वाइप केलं की पुढचा घटक, डावीकडे मागचा, दोन बोटांनी स्क्रोल. एवढ्यावरच थांबणारे मात्र अर्धं टॉकबॅक वापरतात. तीन बोटांनी वर किंवा खाली स्वाइप करत 'शीर्षकं' निवडा. मग एका बोटाने खाली स्वाइप केलं की थेट पुढच्या शीर्षकावर जाता येतं. बातमीच्या पानावरचा सगळा मेनू ऐकत बसावं लागत नाही. स्पेलिंग किंवा खाते क्रमांक तपासायचा असेल तर याच पद्धतीने 'अक्षरं' निवडायची. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनवर तीन बोटांची ही खूण चालत नाही.

आवाज निवडताना घाई करू नका. गूगलचा मराठी आवाज लांब मजकुरासाठी बरा, पण त्याचा व्हॉइस डेटा फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. ईस्पीक या दुसऱ्या व्हॉइस ॲपचा आवाज पत्र्यासारखा वाजतो, तरी तो लगेच बोलू लागतो आणि वेग बराच वाढवला तरी टिकतो. रोजच्या कामाला मला तोच पटतो. ब्लूटूथ इअरफोनवर थोडी शांतता गेली की पुढच्या शब्दाचा पहिला तुकडा गिळला जातो आणि टायपिंग करताना अक्षर उशिरा ऐकू येतं. कामाला तारेचा इअरफोन, रस्त्यावर कान मोकळे ठेवणारा बोन कंडक्शन हेडफोन.

आता टायपिंग. बोट कीबोर्डवर सरकवायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की उचलायचं. रोमनमध्ये हे जमतं. देवनागरीत की जास्त, त्यात काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे शोधायचे. 'ष्ट' लिहिताना तीन वेळा शोधाशोध. व्हॉइस टायपिंगने मोठा मजकूर पटकन उतरतो, पण विरामचिन्हं आणि नावं हमखास चुकतात, म्हणून पाठवण्याआधी शब्दाशब्दाने ऐकायलाच हवं. शिवाय मायक्रोफोन चालू असताना टॉकबॅक स्पीकरवर बोललं तर तेही शब्द मजकुरात घुसू शकतात. इअरफोन लावला की ही कटकट मिटते. ब्रेल येत असेल तर २०२० पासून टॉकबॅकमध्ये सहा टिंबांचा ब्रेल कीबोर्ड आहे. फोन आडवा, स्क्रीन बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर. सवय लागायला वेळ जातो, पण पासवर्डसारख्या गोष्टींना तो साध्या कीबोर्डपेक्षा खूपच वेगवान. लांब लिखाणाला सरळ ब्लूटूथ कीबोर्ड जोडा.

चारचौघांत टॉकबॅक मेनूतून स्क्रीन झाकता येते. काच काळी होते, फोन मात्र चालूच राहतो, त्यामुळे शेजारच्याला काही वाचता येत नाही. नवा फोन घेणार असाल तर फिंगरप्रिंट सेन्सर बाजूच्या किंवा मागच्या बटणावर असलेला घ्या. काचेखालचा सेन्सर हाताला लागतच नाही.

छापील कागदासाठी लुकआउट, म्हणजे कॅमेऱ्यातून मजकूर वाचून दाखवणारं गूगलचं ॲप. हातांची दोन्ही कोपरं कागदाच्या बाजूंना टेकवायची, फोन कागदाच्या मध्यावर ठेवायचा आणि सरळ वर साधारण एक फूट उचलायचा. पत्रं, बिलं बहुतेक वेळा नीट वाचली जातात. चकचकीत वेष्टन, गोल डबा आणि टिंबाटिंबांनी छापलेली एक्सपायरी तारीख इथे ते हमखास अडखळतं. औषधाच्या तारखेसाठी यावर विसंबू नका.

बाकी सगळं ॲप बनवणाऱ्यांच्या हातात आहे. नुसतं 'बटण, लेबल नाही' असं ऐकू आलं की टॉकबॅक मेनूतून स्वतःचं लेबल देता येतं. पण ज्या बटणाला ॲपच्या कोडमध्ये आयडी दिलेला नाही त्याला ते चिकटत नाही, आणि अपडेटमध्ये आयडी बदलला तर तुमचं लेबलही जातं. म्हणून पैशांच्या ॲपचं अपडेट ऑटोवर ठेवू नका. नवी आवृत्ती आली की आधी शिल्लक पाहण्यासारखं बिनधोक्याचं काम करून बघा आणि सगळी बटणं बोलतायत ना ते ऐका.