बंगल्याच्या परसात कोंबड्या पाळायच्या, पण कुठल्या?

बदलापूर-कर्जतपासून तळेगाव, नाशिकचं आडगाव, नागपूरचं बेसा इथपर्यंत शहराच्या कडेला बंगल्यांची आणि रो-हाउसची वस्ती वाढली आहे. तिथे मागच्या बाजूला चारपाचशे चौरस फूट मोकळी जागा बऱ्याच घरांना असते. तेवढ्यात सहा ते आठ कोंबड्या आरामात राहतात. प्रश्न एवढाच की कुठल्या. ‘घ्यायची तर गावरानच घ्या’ हा सल्ला सगळीकडे फुकट मिळतो, आणि भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत बहुतेक वेळा तोच चुकतो.

पर्याय तीन. पहिली गावरान. दुसरी सुधारित परसबागी जात, म्हणजे ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज, कावेरी वगैरे. तिसरी फार्मवर अंड्यांसाठी पाळतात ती पांढरी लेअर, म्हणजे बीव्ही-३०० आणि तिच्या जातकुळीतल्या.

गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, अंडं ३५ ते ४५ ग्रॅमचं. १२-१५ अंडी घातली की ती खुडूक होते, २१ दिवस बसते आणि मग पिल्लांमागे दीड-दोन महिने फिरते. या काळात अंडं शून्य. ज्याला पिल्लं हवीत त्याच्यासाठी हा गुण आहे, ज्याला रोज आमलेट हवं त्याच्यासाठी ही अडचण.

ग्रामप्रिया हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने अंड्यांसाठी तयार केली. परसात नीट सांभाळली तर वर्षाला १६० ते १८० तपकिरी अंडी येतात, आणि ती सहसा खुडूक बसत नाही. वनराज त्याच संस्थेची, पण अंगाने भारी. परसात अंडी १००-११० च्या आसपास, म्हणजे ती मांसाकडे झुकलेली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजही वजनदार. अंड्यांसाठी घेणाऱ्याने या दोघींच्या वाटेला जाऊ नये. दुकानदार मात्र ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून जे शिल्लक असेल ते पाटीत भरून देतो.

लेअर वर्षाला ३०० च्या वर पांढरी अंडी देते. पण तिच्या सगळ्या पिढ्या पिंजरा, मोजून दिलेलं खाद्य आणि ठरलेला उजेड यांसाठी निवडलेल्या आहेत. बहुतेकींची चोच लहानपणीच छाटलेली असते, त्यामुळे मातीतले बारीक दाणे-किडे टिपणं त्यांना जड जातं. खाद्यात कॅल्शियम कमी पडलं की आधी मऊ कवचाची अंडी येतात, मग ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते आणि पायावर उभी राहीनाशी होते.

कडकनाथबद्दल विचारणारे हमखास असतात. ती मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं असतं, अंडं नाही. ‘काळं अंडं’ म्हणून कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

खाद्याचा हिशेब

मोठ्या कोंबडीला रोज साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे वर्षाला ४० किलो. गावरान लहान असते, तिला ८० ग्रॅम धरा, म्हणजे वर्षाला २९ किलो. आता अंड्यांनी भागा. लेअर ३२० अंडी देत असेल तर एका अंड्यामागे १२५ ग्रॅम खाद्य. १८० अंडी देणाऱ्या ग्रामप्रियाला सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळपास. ६० अंड्यांच्या गावरानला ४८० ग्रॅमच्या पुढे. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर अनुक्रमे ५, ९ आणि १९ रुपये. तुमच्या गावचा दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

‘पण गावरान तर उकिरड्यावर चरून जगते!’ हो, गावात जगते. तिला चार घरांची परसं, गोठा, बांध आणि खळं मिळतं. पाचशे चौरस फुटांत सहा कोंबड्या सोडल्या की महिनाभरात गवत, गांडुळं, मुंग्या सगळं संपतं आणि जमिनीला टक्कल पडतं. त्यानंतर तीही विकतच्याच खाद्यावर असते. स्वस्तात वाढणारी कोंबडी म्हणून आणलेली गावरान इथे तिघींत महाग पडते ती अशी.

स्वयंपाकघरातलं उरलेलं द्यावं, पण खाऊ म्हणून. भाजीची देठं, भात, भाकरीचे तुकडे चालतात. खारट, तळलेलं आणि बटाट्याची हिरवट सालं नकोत. बुरशीची भाकरी किंवा बुरस लागलेली पेंड तर अजिबात नको, त्यातलं विष थेट यकृतावर जातं. भात-भाकरीने पोट भरलेली कोंबडी लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कमी खाते, तिचं प्रोटीन घटतं आणि अंडी रोडावतात. ‘एवढं खाऊ घालतो तरी अंडी देत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. लेअर मॅश पहिलं अंडं दिसायच्या सुमारास, १८-२० आठवड्यांना सुरू करायचं. आधी दिलं तर त्यातलं जादा कॅल्शियम वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला बाधतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, गरजेनुसार त्या स्वतः खातात.

कोंबडा आणि शेजारी

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो फक्त पिल्लांसाठी, आणि तो पहाटे चारला आरवणार. शेजाऱ्याची खिडकी पंधरा फुटांवर असेल तर तिथे गोष्ट संपते. कोंबडा नाही म्हणजे गावरानचा सगळ्यात मोठा फायदा, स्वतःची पिल्लं स्वतः वाढवणं, हातचा गेला. उरते ती खुडूक होण्याची सवय.

खुडूक कोंबडी ओळखायला सोपी. अंडं नसतानाही खोक्यात चिकटून बसते, हात नेला की अंग फुगवून गुरगुरते, पोटाखाली हात घातला तर कढत लागतं आणि छातीवरची पिसं उपटलेली दिसतात. पाण्यात बुचकळणं वगैरे प्रकार करू नका. जाळीचा तळ असलेला पिंजरा विटांवर उचलून उजेडात ठेवा, खाली वारा लागला पाहिजे. आत खाद्य-पाणी ठेवा, गवत-तूस काही नको. पोट गार राहिलं की तीन-चार दिवसांत बहुतेक वेळा बैठक मोडते. अंडं मात्र आणखी दोनेक आठवड्यांनीच.

गावरान सहा-सात फुटांची भिंतही सहज चढते. एका पंखाची लांब पिसं कापली तर उडताना तोल जातो, पण पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. ग्रामप्रियाला पाच फुटी कुंपण सहसा पुरतं. उलट, घार किंवा मुंगूस आलं तर पळण्यात गावरानचा हात कोणी धरत नाही. दिवसभर मोकळी सोडायची आणि घरी कोणी नसेल तर हा मुद्दा तिच्या बाजूने जातो.

पिल्लं की तलंगा?

सुधारित जातींची एकदिवसीय पिल्लं सहसा नर-मादी न निवडता विकतात. दहा पिल्लं घेतली की साधारण पाच कोंबडे निघणार आणि तीन-चार महिन्यांनी पाचही आरवू लागणार. शिवाय पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करायची असते. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, जुना पिवळा बल्ब शोधावा लागतो, आणि रात्री वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात.

म्हणून घरच्यासाठी ८ ते १० आठवड्यांच्या तलंगाच, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्याच घ्याव्यात. जास्त पैसे पडतात, पण नर-मादी डोळ्यांना दिसते आणि उबेची कटकट नसते. लसीकरणाचा मोठा भागही झालेला असतो. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत, चौकशी तिथून सुरू करा. घेताना विचारायचं ते हे: लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस) किती वेळा, गंबोरो रोगाची झाली का, देवीची झाली का, आणि मानमोडीचीच दुसरी लस आर-टू-बी टोचली का. शेवटची राहिली असेल तर घरी आणून आठवडाभर स्थिरावू द्या आणि पशुवैद्यकाकडून टोचून घ्या. लसीची बाटली शंभरेक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांतच वापरावी लागते. म्हणून आसपासच्या कोंबडीवाल्यांनी एकाच दिवशी टोचून घेणं परवडतं. गावरानला लस लागत नाही हा समज घातक आहे. मानमोडी आली की अख्खं खुराडं रिकामं होतं.

लेअरच्या तलंगा १६ आठवड्यांच्या मिळतात, पण हा हजारांचा व्यापार आहे, आठ पक्षी सहसा कोणी देत नाही. बाजारात सुट्या मिळतात त्या बहुतेक दीड वर्ष वापरून फार्मने काढलेल्या. तुरा फिका, पिसं झडलेली, नखं वाढलेली दिसली तर समजून घ्या.

खुराडं

आठ कोंबड्यांना रात्रीसाठी ४ × ६ फूट पुरतं, जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेलं. बसायला दांडी दर पक्ष्याला ८ इंच, अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद अशी दोन खोकी. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्या-मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि बाहेरच्या अंगाला फूटभर जमिनीत आडवी पुरा, म्हणजे उकरणारा प्राणी तिथे अडतो.

कोकणपट्टीत आणि बदलापूर-कर्जतसारख्या धो धो पावसाच्या भागात शत्रू ओल. पत्रा चारी बाजूंनी दोन फूट पुढे काढा. खाली तीन इंच भाताचं तूस पसरा आणि रोज मूठभर उचलून दाबून पाहा. मूठ उघडल्यावर तूस सुटं झालं तर ठीक, लाडू वळला तर त्याच दिवशी बदला. ओल्या तुसातून अमोनियाचा वास शेजारी जातो आणि रक्ती हगवणही तिथूनच सुरू होते. विष्ठेत रक्त दिसलं तर उद्यावर ढकलू नका, औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. विदर्भात शत्रू ऊन. तिथे वनराज-गिरिराजसारखे भारी पक्षी आधी धापा टाकतात, हलक्या अंगाच्या लेअर आणि गावरान तग धरतात. मे महिन्यात खाद्य भल्या पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदला, जाळीला ओलं गोणपाट टांगा.

परवानगीसाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत आणि सोसायटी दोन्हीकडे लेखी विचारा, नियम जागोजागी वेगळे आहेत. बर्ड फ्लूचंही माहीत असू द्या. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला. लागण झालेल्या ठिकाणापासून १ किलोमीटर परिघातले पक्षी नष्ट करतात, त्यात परसातलेही येतात.

तर भिंतीला भिंत असेल, रोज तीन-चार अंडी पुरत असतील, तर ग्रामप्रियाच्या सात-आठ तलंगा. गुंठ्या-दोन गुंठ्यांची वाडी, दूरचे शेजारी आणि पिल्लं वाढवायची हौस असेल तर गावरान, पाच-सहा माद्यांना एक कोंबडा. लेअर त्यानेच घ्यावी जो बंदिस्त ठेवणार आहे आणि खाद्यात एक दिवसही हयगय करणार नाही.

ग्रामप्रिया घेतली तर घरच्या पिल्लांत आईइतकी अंडी उतरत नाहीत, म्हणून दर दोन-अडीच वर्षांनी तलंगा नव्याने आणाव्या लागतात. जुन्यांचं काय करायचं, कापायच्या, द्यायच्या की म्हाताऱ्या होईपर्यंत सांभाळायच्या, हे आणण्याआधीच घरात बसून ठरवा, मुलांनी त्यांना नावं ठेवायच्या आत.